ग्रॅनाइट आणि दाणा

ग्रॅनाइट : जमिनीखाली खोलवर शिलारस सावकाश थिजून तयार झालेला, नुसत्या डोळ्यांनी कण दिसतील असा कठीण अग्निज खडक. नावाचा मूळ अर्थ ‘दाणेदार’. लॅटिनमध्ये धान्याच्या दाण्याला ‘ग्रानुम’ म्हणत. त्याचे इटालियनमध्ये ‘ग्रानो’ झाले, ग्रानोवरून ‘ग्रानितो’ हे विशेषण आले आणि पुढे तेच खडकाचे नाव होऊन बसले. ज्या भाषेत तूप रवाळ असते, साखर खडीची असते आणि हिऱ्याची कणी असते, त्या मराठीला हे नामकरण परके वाटण्याचे कारण नाही.

नाव कसे पडले : प्राचीन रोमनांकडे हा दगड होता, पण हे नाव नव्हते. इजिप्तमधील आस्वान येथील तांबूस ग्रॅनाइटचे स्तंभ त्यांनी समुद्रमार्गे रोमला आणले. आस्वानचे तेव्हाचे नाव सिएने, म्हणून पहिल्या शतकातील लेखक प्लिनी या दगडाला ‘सिएनेचा दगड’ अशा अर्थाचे नाव देतो. रोममधील लॅटरन चौकातला सुमारे ३२ मीटर उंचीचा स्तंभ याच दगडाचा आहे. तो रोममध्ये आला ३५७ साली, कालांतराने पडला, आणि १५८८ मध्ये पुन्हा उभा केला गेला. दगड तोच असला तरी मधल्या काळात त्याकडे पाहण्याची नजर बदलली होती. गावावरून पडलेले नाव मागे पडून अंगावरच्या दाण्यांवरून पडलेले नाव रूढ झाले. चित्रकार आणि चरित्रकार जॉर्जो वासारी याने कलावंतांच्या चरित्रांचा आपला ग्रंथ १५५० मध्ये प्रसिद्ध केला. त्याच्या प्रास्ताविकात बांधकामाच्या दगडांची माहिती देताना तो ‘ग्रानितो’ हाच शब्द वापरतो. सतराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत पोचला आणि इंग्रजीतून मराठीत आला.

जुने नाव वाया मात्र गेले नाही. ‘सायनाइट’ हे नाव भूवैज्ञानिकांनी पुढे वेगळ्याच, गारगोटी फार कमी असलेल्या खडकाला दिले. त्यामुळे ज्या गावावरून ते नाव आले, त्या गावचा प्रसिद्ध दगड आज सायनाइट ठरत नाही, ग्रॅनाइट ठरतो.

दाणे कशाचे : स्वयंपाकघरातल्या गुलाबी ग्रॅनाइटच्या ओट्यावर नजर थोडी खाली नेऊन पाहिले तर नावाचा अर्थ समोरच मांडलेला दिसतो. गुलाबी किंवा दुधी रंगाचे चौकोनी-से ठोकळे फेल्स्पारचे असतात. त्यांच्या मधल्या जागा भरून काढणारे, काचेसारखे, किंचित धुरकट कण गारगोटीचे. काळे, चमकते ठिपके अभ्रकाचे किंवा हॉर्नब्लेंडचे. वाळूच्या खडकात कण एकमेकांना कशाने तरी चिकटवलेले असतात. इथे तसे काही नाही. प्रत्येक कण वाढता वाढता शेजारच्या कणात घट्ट रुतलेला असतो. दगडाची ताकद या गुंतवणीत आहे.

कण मोठे का, याचे उत्तर वेळेत आहे. खोल जमिनीत शिलारसाला थंड व्हायला लाखो वर्षे मिळतात आणि स्फटिक निवांत वाढतात. शिलारस लाव्हा होऊन जमिनीवर पसरला तर लवकर थिजतो आणि कण डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक राहतात. महाराष्ट्राचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, असा घडला. राज्याचा सुमारे ८० टक्के भाग त्याने व्यापला आहे, म्हणून सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसाच्या लेखी दगड म्हणजे काळा, एकजीव दगड. पण त्या बेसाल्टच्या तळाशी जुना पाया आहेच. कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी खोल छिद्रे घेतली, तेव्हा सुमारे एक किलोमीटर बेसाल्ट ओलांडल्यावर ग्रॅनाइटी खडक लागला. नांदेड जिल्ह्यात देगलूरच्या बाजूला आणि पूर्व विदर्भात तो उघड्यावरच आहे.

बाजारातला ग्रॅनाइट आणि भूविज्ञानातला ग्रॅनाइट यांत फरक आहे. दुकानात घासून चकाकी येईल असा कोणताही कठीण दगड ग्रॅनाइट म्हणून विकला जातो. ओट्यांसाठी वापरला जाणारा काळा ग्रॅनाइट बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो असतो. काळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी ठिपके असलेला, आंध्र प्रदेशातील चिमकुर्तीचा ‘ब्लॅक गॅलेक्सी’ हाही गॅब्रोच्याच कुळातला. खऱ्या ग्रॅनाइटमध्ये गारगोटी किमान एक-पंचमांश तरी लागते.

मूळ धातू : ‘ग्रानुम’ हा शब्द लॅटिनने स्वतः घडवलेला नाही. इंडो-युरोपीय भाषांच्या समाईक पूर्वजात त्याचे मूळ आहे, आणि त्याच मुळाचे संस्कृतातले रूप म्हणजे ‘जीर्ण’. धातू ‘जॄ’, अर्थ पिकणे, म्हातारे होणे, झिजणे. जरा आणि जर्जर हे त्याच धातूचे शब्द, आणि न पचलेले ते ‘अजीर्ण’ हेही त्याचेच. जीर्णचे जोडरूप ‘जूर्ण’. त्यातून प्राकृतमार्गे मराठीचे ‘जुना’ आणि ‘जून’ आले. जुन्नर या गावाचे नावही ‘जीर्णनगर’ यावरून आले, असे परंपरेने सांगितले जाते.

ग्रॅनाइट आणि जुना हे शब्द एका रक्ताचे आहेत, हे ऐकायला विचित्र वाटते. शेतात उभे राहिले की ते पटते. ज्वारीचे कणीस हुरड्यावर असते तेव्हा दाणा हिरवा, गोड, दुधाळ असतो. दाबला तर फुटतो. आठ-पंधरा दिवसांनी तोच दाणा टणक होतो. मराठीत त्याला ‘जून झाला’ असे म्हणतात, भेंडी किंवा गवार जून होते तसे. ग्रानुम हा असा जून झालेला दाणा. पिकणे आणि म्हातारे होणे या दोन क्रियांना एकच धातू पुरतो, कारण शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे त्या एकच असतात. मुळात ‘पिकलेले’ अभिप्रेत होते की ‘दळून झिजवलेले’, याविषयी अभ्यासकांत दोन मते आहेत. शब्दांच्या नात्याबद्दल मात्र वाद नाही.

इंग्रजी शाखा : जर्मानिक भाषांत या मुळातील पहिल्या व्यंजनाचा ‘क’ झाला. हा बदल नियमाने होतो. संस्कृत ‘जानु’ म्हणजे गुडघा, लॅटिनमध्ये तो ‘गेनु’, इंग्रजीत ‘नी’. त्या इंग्रजी शब्दाच्या आरंभी लिहिला जाणारा, पण आता न उच्चारला जाणारा ‘क’ हीच त्याची खूण. त्याच वाटेने जीर्ण, ग्रानुम आणि ‘कॉर्न’ ही तीन भावंडे झाली. कॉर्न म्हणजे मुळात कोणतेही धान्य. ब्रिटनमधले १८१५ ते १८४६ या काळातले प्रसिद्ध कॉर्न कायदे प्रामुख्याने गव्हाच्या आयातीबद्दल होते. अमेरिकेत गेलेल्या लोकांनी तोच शब्द मक्याला लावला. ‘कॉर्न्ड बीफ’मध्ये मका नसतो. तिथला कॉर्न म्हणजे मांस खारवायला लागणारे मिठाचे जाड दाणे, आपले खडेमीठ. कर्नल म्हणजे गर किंवा गाभा, तो ‘छोटा कॉर्न’.

डाळिंबाची शाखा : रोमन लोक डाळिंबाला ‘दाणेदार फळ’ म्हणत. त्यावरून इंग्रजीचे ‘पॉमग्रॅनेट’ आले. त्या दाण्यांसारखे लाल रत्न ते गार्नेट. फ्रेंचांनी सोळाव्या शतकात हातबॉम्बला डाळिंबाचेच नाव दिले: आकार तसा आणि आत दारूचे कण ठासलेले. त्यावरून ‘ग्रेनेड’. मराठीनेही डाळिंब असेच उसने घेतले आहे, पण मायेच्या कामासाठी. मोड आणून सोललेल्या वालांना डाळिंब्या म्हणतात, कारण साल निघालेला वाल डाळिंबाच्या दाण्यासारखा टपोरा दिसतो.

वजनमापे : दाणा हे जगातले जुने वजन आहे. इंग्रजी ‘ग्रेन’ आजही बंदुकीच्या गोळ्यांच्या मोजणीत वापरतात. एक ग्रेन म्हणजे ६४.७९८९१ मिलिग्रॅम, आणि एका पौंडात ७,००० ग्रेन. कंपनी सरकारने १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनचा ठरवला, त्याचे ११.६६ ग्रॅम होतात. सोनाराचा तोळा त्याआधीही बियांवरच चालत होता. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. गुंज म्हणजे लाल-काळी बी, आणि मासा हा संस्कृत ‘माष’, म्हणजे उडीद. लांबीतही तेच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आठ यवांचे एक अंगुल आहे, आणि इंग्रजी पद्धतीच्या बुटांचे माप आजही बार्लीच्या दाण्याने, म्हणजे इंचाच्या तिसऱ्या भागाने, एकेक वाढत जाते.

ग्रॅम या मापाचा दाण्याशी संबंध नाही. फ्रान्सने १७९५ मध्ये मेट्रिक पद्धत आणली तेव्हा ग्रीक ‘ग्राम्मा’ हा शब्द घेतला. त्याचा अर्थ अक्षर, आणि पुढे एक बारीक वजन. उलट भारतीय इंग्रजीत हरभऱ्याला ‘ग्रॅम’ म्हणतात तो मात्र अस्सल ग्रानुमचा वंशज. पोर्तुगीजमध्ये दाण्याला ‘ग्राँव’ असे काहीसे सानुनासिक म्हणतात. पोर्तुगीज पश्चिम किनाऱ्यावर आले, त्यांनी १५१० मध्ये गोवा घेतला, आणि त्यांचा हा शब्द इंग्रजांनी उचलून हरभऱ्याला लावला. डाळीच्या पाकिटावर ‘बंगाल ग्रॅम’ आणि त्याच पाकिटावर ‘५०० ग्रॅम’ असे छापलेले असते, तेव्हा दोन निराळ्या कुळांचे शब्द शेजारी बसलेले असतात.

रंग : भूमध्य समुद्राभोवतीच्या ओक झाडांवर सापडणाऱ्या एका किड्यापासून पक्का लाल रंग करत. वाळलेला किडा दाण्यासारखा दिसे, म्हणून युरोपात त्यालाही ‘ग्रेन’ म्हणू लागले आणि त्यात रंगवलेले कापड पक्क्या रंगाचे मानले गेले. इंग्रजीत अंगात मुरलेल्या सवयीला ‘इनग्रेन्ड’ म्हणतात, ते त्यावरून. फारसीने याच किड्यात किडा पाहिला: ‘किर्म’, म्हणजे संस्कृत ‘कृमी’चे भावंड. त्या वाटेने मराठीत ‘किरमिजी’ रंग आला.

मराठीतील कण आणि दाणा : मराठीने या अर्थासाठी दोन वेगळी कुळे पोसली. पहिले ‘कण’. त्यातून कणी, कण्या, कणिक, आणि संस्कृत ‘कणिश’वरून कणीस. तांदळाचा तुकडा ती कणी आणि हिऱ्याचा तुकडाही कणीच; हिरकणी या शब्दात दगड आणि धान्य एकत्र नांदतात. श्रीकृष्णाने विदुराघरी आवडीने खाल्ल्या त्या कण्या गरिबाघरच्या अन्नाची खूण झाल्या. वैशेषिक दर्शनाचा प्रवर्तक कणाद याच्या नावाची फोड ‘कण खाणारा’ अशी करतात. शेतात गळून पडलेले दाणे वेचून तो राहत असे, अशी कथा आहे. सगळे जग परमाणूंचे बनले आहे हा विचार त्याच परंपरेने मांडला.

दुसरे कुळ ‘दाणा’. हा फारसी शब्द, पण त्याचे संस्कृत भावंड ‘धाना’ म्हणजे भाजलेले धान्य. ‘धान्य’ त्याच घरातले, आणि विदर्भात भाताला म्हणतात ते धानही. शेंगदाणे, दाणापाणी, दाणागोटा, दाणेदार: फारसी दाणा मराठीत इतका रुळला की त्याचे परकेपण कुणाला जाणवत नाही.

जाते : दगड आणि दाणा यांची रोजची गाठ जात्यात पडे. ‘जाते’ हा शब्द संस्कृत ‘यंत्र’वरून आला. दोन काळ्या दगडी तळ्या, वरच्या तळीला खुंटा, मधल्या तोंडात मूठमूठ दाणे वैरायचे. दळून दळून दगड गुळगुळीत झाला की दाणा चिरडण्याऐवजी घसरू लागतो आणि पीठ भरड येते. मग टाकी लावणारा माणूस लागतो. छिन्नीच्या टोकाने तो तळीवर पुन्हा बारीक खड्डे पाडतो, म्हणजे दगडाला नवे दाणे देतो. टकारी समाजाचे हे परंपरागत काम. ‘टाकी’ हा शब्द संस्कृत ‘टंक’, म्हणजे छिन्नी, यावरून आला.

इंग्रजीत हातजात्याला ‘क्वर्न’ म्हणतात. त्याचे संस्कृत भावंड ‘ग्रावन्’, म्हणजे वेदांत सोमवल्ली कुटणारा दगड. ग्रावन् आणि ग्रानुम यांचा नाद सारखा असला तरी कुळे वेगळी: ग्रावन् ‘जड’ या अर्थाच्या मुळातून आला, गुरु या शब्दाच्या घरातून.

निवडणे : ग्रॅनाइट उन्हापावसात झिजतो तेव्हा त्याचे कण एकाच वेळी जात नाहीत. फेल्स्पार कुजून माती होतो आणि अभ्रकाचे पापुद्रे सुटतात. गारगोटीवर पाण्याचा फारसा परिणाम होत नाही. ती पांढऱ्या खड्यांच्या रूपात शेतात उरते. गोंदिया जिल्ह्यातील आमगावच्या परिसरात ग्रॅनाइटी पट्टिताश्म उघडे आहेत, भूविज्ञानात त्यांना त्याच गावाचे नाव आहे, आणि हाच धानाचा मुलूख. तिथल्या खळ्यावरचे तांदूळ निवडायला घेतले की सुपातून ताटात येताना दाणे आणि खडे मिसळून येतात. रंग पांढरा, आकार जवळपास सारखा. नजरेवर विसंबून चालत नाही, बोटच ओळखते: दाणा गुळगुळीत लागतो, खडा खरखरीत. बोटाने बाजूला सारलेला तो खडा म्हणजे बहुधा ग्रॅनाइटमधून निखळलेला, कोट्यवधी वर्षांचा एक दाणा असतो.