अंगठीचा प्रवास : कादंबरी ते व्हिडिओ गेम

जे. आर. आर. टोल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या कादंबरीचे मर्म अंगठी मिळविण्यात नसून ती नष्ट करण्यात आहे. पीटर जॅक्सन यांच्या चित्रपटमालिकेवरून इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌सने २००२ मध्ये 'द टू टॉवर्स' हा व्हिडिओ गेम आणला. त्यात चित्रपटातील दृश्य सरता सरता खेळ सुरू होतो. मात्र खेळाडूला अ‍ॅरागॉर्न, लेगोलस वा गिम्ली होऊन लढावे लागते. अंगठी वाहणारा फ्रोडो होता येत नाही. २००३ च्या 'द रिटर्न ऑफ द किंग'मध्ये फ्रोडो आणि सॅम हाती येतात, तेही शस्त्र चालवीतच. कादंबरीत गॉलमला दिलेले जीवदानच अखेरीस निर्णायक ठरते. सतत प्रहाराची मागणी करणाऱ्या या खेळात कथानक टिकले. न उगारलेल्या तलवारीला मात्र जागा उरली नाही.