गिरगावच्या दुकानातला वाद्यवृंद

गिरगावाला गाण्याचे अप्रूप नाही. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला, तेव्हापासून इथल्या वाड्यांनी मेळे, कीर्तने आणि बैठकी पोटभर ऐकल्या. विष्णु दिगंबरांनी गांधर्व महाविद्यालय मुंबईत आणले ते १९०८ साली. अशा या गाणवेड्या वस्तीत एका कच्छी वाण्याच्या मुलांनी आपला वाद्यवृंद उभारला आणि तो सातासमुद्रापार गाजवला, ही हकीकत मात्र आपण क्वचितच सांगतो. त्या भावांचे नाव निघाले की सिनेमाच तेवढा आठवतो. मला सांगायचे आहे ते सिनेमाच्या अलीकडचे आणि पलीकडचे.

वीरजी शहा कच्छातून मुंबईस आले आणि त्यांनी किराणा मालाचे दुकान घातले. थोरला कल्याणजी १९२८ साली कच्छातल्या कुंदरोडीस जन्मला. आनंदजी १९३३ सालचा. धाकटा लक्ष्मीचंद, त्याला सारे बाबला म्हणत. दुकानाच्या गिऱ्हाइकांत एक संगीतशिक्षक होते. त्यांची उधारी तुंबली. अखेर पैशांऐवजी मुलांना गाणे शिकवून खाते चुकते करावे असे ठरले. मी स्वतः मास्तरकी करतो. शिकवणीची फी धान्यात मिळणे ही आमच्या पेशातली जुनी रीत आहे. इथे मात्र धान्य आधी खाऊन झाले होते आणि शिकवणी मागाहून आली!

कल्याणजींच्या हाती पुढे एक नवलाचे वाद्य आले. त्याचे नाव क्लॅव्हिओलिन. १९४७ च्या सुमारास फ्रान्समध्ये निघालेली ही विजेवर चालणारी पेटी. तिच्यातून एका वेळी एकच स्वर निघे, पण त्या एका स्वराला हवा तो आवाज देता येई. १९५४ च्या ‘नागिन’मध्ये संगीतकार हेमंतकुमारांसाठी कल्याणजींनी त्यावर बीन वाजवली आणि देश डोलू लागला. गारुडीसुद्धा आपल्या पुंगीवर तीच चाल वाजवू लागले. खऱ्या पुंगीने यंत्राची नक्कल करावी, याहून मोठी पावती कोणती?

वाद्यवृंद होता ‘कल्याणजी वीरजी अँड पार्टी’. आज त्याचे महत्त्व कळायचे तर तो काळ ध्यानात घ्यावा लागेल. १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर (आपलेच पुण्याचे) यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून सिनेसंगीत हद्दपार झाले, आणि विविधभारती सुरू झाली ती १९५७ च्या ऑक्टोबरात. मधली पाच वर्षे लोकांनी रेडिओ सिलोनच्या खरखरीला कान लावून काढली. अशा वेळी तीच गाणी समोर, रंगमंचावर, जिवंत वाद्यांनिशी ऐकायला मिळत, तेव्हा श्रोत्यांना काय वाटत असेल! जाणकार मंडळी अशा वाद्यवृंदांना ‘नक्कल’ म्हणून नाक मुरडीत. मला ते मान्य नाही. श्रोता कुठे माना डोलावतो आणि कुठे चुळबुळ करू लागतो, हे तबकडीवरून कळत नाही. ते मंचावर उभे राहूनच कळते.

सिनेमातली कमाई सर्वांना ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगतो. १९५९ मध्ये ‘सट्टा बाजार’ आणि ‘मदारी’ला दोघा भावांचे नाव एकत्र लागले. १९६० मध्ये ‘छलिया’ आला. १९६८ च्या ‘सरस्वतीचंद्र’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९७४ च्या ‘कोरा कागज’ला फिल्मफेअर. १९९२ मध्ये पद्मश्री. पण मंच त्यांनी सोडला नाही, आणि नव्या माणसांना तिथे जागा दिली. धारावीत वाढलेला, साबणाच्या कारखान्यात काम करणारा जॉनी लिव्हर त्यांच्याच दौऱ्यांत लोकांपुढे आला. कोकणातल्या दाभोळची साधना सरगम कल्याणजींच्या तालमीत तयार झाली. अनेक जोड्या फुटल्या. हे दोघे भाऊ मात्र २००० सालच्या ऑगस्टात कल्याणजी गेले तोवर एकत्र राहिले. पुढे २००५ मध्ये ‘ब्लॅक आइड पीज’ या अमेरिकन चमूने त्यांच्या ‘अपराध’ आणि ‘डॉन’मधल्या चाली उचलून एक गाणे केले, आणि त्या गाण्याला ग्रॅमी मिळाले.

माझे मन मात्र बाबलाकडे ओढ घेते. भावांच्या सावलीत त्याने तालवाद्ये धरली, मग स्वतःचा वाद्यवृंद काढला. पत्नी कांचन गाणारी. १९८० च्या ‘कुर्बानी’मध्ये अमितकुमारांबरोबर तिचा आवाज घुमला. नवरात्रातल्या दांडियाला बाबलाने डिस्कोचा ठेका जोडला. सोवळ्या मंडळींनी कानांवर हात ठेवले, पण पाय कोणाचे थांबले नाहीत.

त्याच सुमारास या दांपत्याने वेस्ट इंडीजमधल्या ट्रिनिदादच्या सुंदर पोपो नावाच्या गायकाचे, फुलोरी-चटणीवरचे एक खट्याळ गाणे नव्याने गायले. ते कोणाचे गाणे? १८४५ साली कलकत्त्याहून ‘फतेल रझाक’ जहाज गिरमिटियांना घेऊन ट्रिनिदादला लागले. १९१७ पर्यंत सुमारे दीड लाख माणसे तशीच गेली, बहुतेक बिहार आणि संयुक्त प्रांतातली. त्यांच्या भोजपुरीत तिकडचा ठेका मिसळला. ते गाणे मुंबईच्या वाद्यवृंदाने उचलले आणि पुन्हा समुद्रापार धाडले. कॅरिबियन बेटांवर बाबला-कांचनची तबकडी लग्नाकार्यांतून वाजू लागली, आणि मूळ गाणारा त्यांच्याच घरचा असूनही नाचणाऱ्यांनी ही नक्कल आपली मानली.