डायमंड लेडी (कॅसिनो नौका)

डायमंड लेडी ही अमेरिकेतील मिसिसिपी नदीवर चालणारी कॅसिनो नौका होती. आयोवा राज्यातील बेटेनडॉर्फ येथून १ एप्रिल, १९९१ रोजी तिच्या फेऱ्या सुरू झाल्या. आधुनिक काळात अमेरिकेत कायद्याच्या परवानगीने नदीवर सुरू झालेल्या पहिल्या कॅसिनोंमध्ये तिची गणना होते.

पार्श्वभूमी

१९८०च्या दशकात अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील शेतीवर मोठे आर्थिक संकट आले. कर्जबाजारी शेतकऱ्यांची यंत्रखरेदी मंदावल्याने बेटेनडॉर्फ-डॅव्हनपोर्ट परिसरातील यंत्रनिर्मितीचे अनेक कारखाने बंद पडले व हजारो कामगार बेकार झाले. पर्यटन व रोजगार वाढावा या हेतूने आयोवाच्या विधिमंडळाने १९८९मध्ये नौकांवरील जुगारास मर्यादित परवानगी दिली. एका डावावर जास्तीत जास्त ५ डॉलर लावता येत, तर एका फेरीत २०० डॉलरपेक्षा अधिक रक्कम हरण्यास मनाई होती.

उदय व स्थलांतर

उद्योजक बर्नार्ड गोल्डस्टीन यांनी जुन्या चाकाच्या आगबोटींच्या धर्तीवर डायमंड लेडी व तिची जोडनौका एमराल्ड लेडी सुरू केल्या. त्याच वर्षी शेजारच्या इलिनॉय राज्यात अशा मर्यादा नसलेल्या नौका सुरू झाल्या आणि ग्राहक तिकडे वळू लागले. दक्षिणेकडील मिसिसिपी राज्याच्या १९९०च्या कायद्यानुसार तर नौका धक्क्याला बांधलेली ठेवूनही अमर्याद जुगार चालवता येत असे. १९९२च्या उन्हाळ्यात गोल्डस्टीन यांनी दोन्ही नौका मिसिसिपी राज्यातील बिलॉक्सी येथे नेल्या. तेथे ऑगस्ट १९९२मध्ये 'आयल ऑफ काप्री' हा कॅसिनो सुरू झाला.

परिणाम

कारखान्याप्रमाणे नौका एका जागी बांधलेली नसते, याचा अनुभव आयोवातील नदीकाठच्या शहरांना आला. नौकांबरोबर त्यांवरील नोकऱ्या व करउत्पन्नही गेले. एमराल्ड लेडी जेथून चालत असे त्या फोर्ट मॅडिसन शहरावर नदीकाठच्या कामांसाठी काढलेल्या कर्जाचा भार राहिला. उरलेल्या नौका टिकवण्यासाठी आयोवाने १९९४मध्ये डावाची व तोट्याची मर्यादा रद्द केली. अशा रीतीने खेळणाऱ्यांच्या संरक्षणासाठी केलेली तरतूद राज्याराज्यांतील स्पर्धेत संपुष्टात आली.

अखेर

वापरातून बाद झाल्यावर डायमंड लेडी टेनेसीतील मेम्फिस येथे पडून होती. २०२१मध्ये ती तेथे बुडाली. ऑक्टोबर २०२२मध्ये दुष्काळामुळे मिसिसिपीची पातळी विक्रमी खाली गेली, तेव्हा तिचा गंजलेला सांगाडा चिखलात उघडा पडला.