ओठांपर्यंत आलेला गहू

सीलिअ‍ॅक आजारात नुसती पोळी सोडून भागत नाही. लिपस्टिक, टूथपेस्टही थोडी पोटात जातेच. धडधाकट कातडीतून ग्लुटेन आत शिरून आतड्याला इजा करत नाही, तेव्हा शाम्पूची धास्ती बरीचशी अनाठायी. ओठांचं तसं नाही.

फुलंब्रीकडच्या जुन्या घरांत हा प्रश्न फारसा पडला नसता. रोजची भाकरी ज्वारी-बाजरीची, पोळी सणावारी. केसांना शिकेकाई, अंगाला डाळीचं पीठ नि हळद, दातांना राखुंडी किंवा कडुलिंबाची काडी, कपाळाला मेण आणि त्यावर कुंकू. कशातच गहू नाही. यात शहाणपण शोधू नये. हाताशी होतं ते वापरलं. राखुंडीनं दात झिजायचे, तेही खरंच.

गव्हावर बोट ठेवलं विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञानं, 1950 च्या प्रबंधात. इकडे 1956 च्या पीएल-480 करारानं अमेरिकी गहू रेशनवर आला, पुढे हरितक्रांतीनं पोळी रोजची झाली. मग बाटल्या-डब्या आल्या.

जपानमध्ये गव्हाचं प्रथिन घातलेल्या साबणानं दोन हजारांहून अधिक लोकांना गव्हाची अ‍ॅलर्जी जडली. तो सीलिअ‍ॅक नव्हे, वेगळा आजार. पण साबणात गहू असतो हे तेव्हा अनेकांना कळलं.

आपल्याकडे 'ग्लुटेन-फ्री' अन्नाला किलोमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. लिपस्टिकवर मात्र घटकांची यादी वाचायची, तीही बारीक अक्षरांत. तिथे गहू 'ट्रिटिकम व्हल्गेर' या नावानं बसलेला असतो.