उपकरप्राप्त इमारती विकत घेण्याचा भाडेकरूंचा हक्क (मुंबई)

मुंबई शहरातील जुन्या खासगी चाळी व इमारती तेथील भाडेकरूंच्या सहकारी संस्थेला शासनामार्फत विकत घेता याव्यात, अशी तरतूद 'महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास अधिनियम, १९७६' (म्हाडा अधिनियम) या कायद्याच्या आठ-अ प्रकरणात आहे. हे प्रकरण १९८६ साली कायद्यात समाविष्ट झाले. मालमत्तेची किंमत मासिक भाड्याच्या शंभर पट ठरविल्यामुळे घरमालकांनी तरतुदीला न्यायालयात आव्हान दिले. त्यातून उद्भवलेल्या घटनात्मक प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला.

पार्श्वभूमी

'मुंबई भाडे नियंत्रण कायदा, १९४७' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने प्रमाण भाडे सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले गेले. युद्धकाळातील टंचाई व फाळणीनंतरची गर्दी पाहता त्या वेळी भाडेकरूला असे संरक्षण आवश्यकच होते. परंतु तात्पुरती म्हणून केलेली व्यवस्था अर्धशतक टिकली. भाडे गोठले, दुरुस्तीचा खर्च वाढत राहिला आणि मालकांनी इमारतींकडे पाठ फिरविली. दुसरीकडे जागांचे व्यवहार 'पागडी'वर होऊ लागले. खोली घेताना भाडेकरू मोठी रक्कम मोजत असे आणि ती पुढे दुसऱ्याला देताना मिळालेल्या पागडीतील ठराविक हिस्सा मालकाला देत असे. त्यामुळे कागदोपत्री भाडेकरू असलेली व्यक्ती स्वतःला निम्मी मालक समजत असे, आणि हा समज अगदीच निराधार नव्हता. पागडीला कायद्याची मान्यता मात्र 'महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९' येईपर्यंत मिळाली नाही.

पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्यावर बेडेकर समितीच्या शिफारशींनुसार १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला. कुलाब्यापासून माहीम व शीवपर्यंतच्या जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसविण्यात आला. अशा इमारतींना 'उपकरप्राप्त' म्हणतात. आरंभी त्यांची संख्या १९,६४२ होती व त्यांपैकी १६,५०२ इमारती १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या, म्हणजे 'अ' वर्गातील होत्या. हा कायदा पुढे म्हाडा अधिनियमात विलीन झाला.

तरतूद

आठ-अ प्रकरणानुसार इमारतीतील किमान ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था स्थापून मंडळाकडे लेखी अर्ज केल्यास मंडळाच्या प्रस्तावावरून राज्य शासन ती इमारत जमिनीसह संपादित करून संस्थेच्या स्वाधीन करू शकते. एखाद्या खोलीचे भाडे महिना ५० रुपये असेल, तर तिची किंमत ५,००० रुपये होते. शंभर महिने म्हणजे आठ वर्षे चार महिने. भाडे बाजारभावाचे असते, तर हा हिशेब कदाचित वादाचा ठरला नसता. परंतु गिरगाव किंवा दादरसारख्या ठिकाणच्या जमिनीची किंमत गोठलेल्या भाड्यावरून काढणे मालकांना जप्तीसारखेच वाटले. भाडेकरूंच्या बाजूने असे म्हटले जाते की, पागडी घेतलेल्या मालकाला जागेचा मोबदला पूर्वीच मिळालेला होता आणि पडक्या जिन्यावरून चढउतार करणाऱ्या कुटुंबांच्या जिवाचा प्रश्न किमतीच्या वादापेक्षा मोठा आहे.

या कल्पनेचे मूळ शहरात नव्हे, शेतीत सापडते. १९४८ च्या कूळ कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ या 'कृषक दिनी' कुळे कसत असलेल्या जमिनीची खरेदीदार मानली गेली. तेथेही किंमत बाजारभावाने नव्हे, तर सामान्यतः जमिनीच्या आकाराच्या २० ते २०० पटींच्या मर्यादेत ठरत असे. एक भेद मात्र महत्त्वाचा आहे. कूळ एकट्याने खरेदीदार होऊ शकत होते. चाळीतील एका खोलीची मालकी अशी सुटी करता येत नाही, म्हणून येथे हक्क संस्थेला दिला आहे.

न्यायालयीन लढा

प्रॉपर्टी ओनर्स असोसिएशन व इतरांच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने १९९१ साली फेटाळल्या. हा कायदा राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९(ख) मधील तत्त्वाच्या अंमलबजावणीसाठी आहे, असे कलम १-अ मध्ये नमूद असल्याने त्याला अनुच्छेद ३१-ग चे संरक्षण आहे, अशी शासनाची भूमिका होती. समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीचे वाटप सार्वजनिक हितास पोषक व्हावे, असे ३९(ख) सांगते. खासगी माणसाचे घर ही 'समाजाची साधनसंपत्ती' ठरते का, या एका प्रश्नावर प्रकरण अडकले. १९७७ च्या रंगनाथ रेड्डी खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी खासगी मालमत्ताही तीत येते, असे मत मांडले होते. सर्वोच्च न्यायालयात १९९६ साली पाच, २००१ साली सात आणि २००२ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे हा प्रश्न वर्ग झाला व पुढे बावीस वर्षे पडून राहिला.

सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्यासह सात न्यायाधीशांच्या बहुमताने प्रत्येक खासगी मालमत्ता समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही, असा निर्णय दिला. काही मालमत्ता तशी ठरू शकते. त्यासाठी तिचे स्वरूप, समाजहितावरील परिणाम, दुर्मीळता आणि खासगी हातांत एकवटल्याने होणारे परिणाम पाहावे लागतील. न्या. बी. व्ही. नागरत्ना अंशतः सहमत होत्या, तर न्या. सुधांशु धुलिया यांनी भिन्नमत नोंदविले. आठ-अ प्रकरण वैध की अवैध, हे मात्र या पीठाने ठरविले नाही. तो प्रश्न नियमित पीठाकडे सोपविण्यात आला.

प्रत्यक्षातील स्थिती

मुंबईच्या भाडेकरूंना मालकी मिळाली ती बहुतांशी वेगळ्या मार्गाने. विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) या नियमाखाली विकासक जुनी इमारत पाडून भाडेकरूंना त्याच जागी मालकीच्या सदनिका विनामूल्य देतो व वाढीव चटईक्षेत्रातील घरे विकून खर्च वसूल करतो. सदनिकेचे किमान चटईक्षेत्र पूर्वी २२५ चौरस फूट होते, ते नंतर ३०० करण्यात आले. जेथे जमीन अरुंद आहे किंवा मालक-भाडेकरू एकमत होत नाही, तेथे हा मार्ग खुंटतो. अर्धवट राहिलेल्या प्रकल्पांतील कुटुंबे वर्षानुवर्षे संक्रमण शिबिरांत राहिली आहेत. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे दगावली.

म्हाडा अधिनियमात नंतर घातलेल्या ७९-अ कलमाला २०२२ साली राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यानुसार धोकादायक इमारतीच्या पुनर्विकासाचा प्रस्ताव देण्यास मालकाला प्रथम सहा महिने मिळतात, तो न आल्यास भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने, आणि त्यानंतर म्हाडा मालमत्ता संपादित करू शकते. येथे मालकाचा मोबदला भाड्याच्या पटीत नाही. शीघ्रसिद्ध गणकानुसार जमिनीच्या मूल्याच्या २५ टक्के किंवा विक्रीयोग्य बांधकामाच्या १५ टक्के क्षेत्र, यांपैकी जे अधिक असेल ते त्याला देय आहे.