३६ बाद, तरीही हार

२६ मे १९५९ रोजी झालेल्या एका बेसबॉल सामन्याचा धावफलक मी अधूनमधून उघडून बघतो. मिलवॉकी ब्रेव्ह्ज १, पिट्सबर्ग पायरेट्स ०. जिंकलेल्या संघाच्या नावावर अख्ख्या सामन्यात एकच हिट आहे आणि हरलेल्या संघाच्या नावावर बारा! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आकडे उलटे छापलेत असंच वाटलं होतं.

आधी थोडा नियम. बेसबॉलमध्ये प्रत्येक संघाला नऊ डाव मिळतात आणि प्रत्येक डावात तीन गडी बाद व्हावे लागतात. बरोबरी झाली तर जादा डाव. समोरच्या २७ फलंदाजांपैकी एकालाही पहिल्या बेसवर पोचू न देता सामना संपवला, तर तो ‘परफेक्ट गेम’. हे दोन्ही संघ ज्या नॅशनल लीगमध्ये खेळायचे, तिथे १८८० नंतर तो कुणालाच जमला नव्हता.

त्या रात्री मिलवॉकीत पिट्सबर्गचा पिचर होता ३३ वर्षांचा डावखुरा हार्वी हॅडिक्स. फ्लूने बेजार असूनही मैदानात उतरलेला. समोर हँक अॅरन आणि एडी मॅथ्यूजसारखे फलंदाज. नऊ डाव झाले, २७ पैकी २७ बाद. पण त्याच्या संघालाही धाव मिळाली नव्हती. मिलवॉकीचा लू बर्डेट हिट देत होता, धाव देत नव्हता. मग दहावा डाव, अकरावा, बारावा. हॅडिक्सने सलग ३६ जणांना बाद केलं. इतकं लांब तोवर कुणीच गेलं नव्हतं.

तेराव्या डावात फेलिक्स मँटियाने साधा जमिनीवरचा चेंडू मारला. डॉन होकने तो अडवला, पण पहिल्या बेसकडे फेकताना चुकला. मँटिया बेसवर पोचला आणि ‘परफेक्ट’ हा शब्द एका सहकाऱ्याच्या चुकीने पुसला गेला. मॅथ्यूजने बंट करून त्याला दुसऱ्या बेसवर सरकवलं. अॅरनला मुद्दाम वॉक दिला. मग जो अॅडकॉकने चेंडू थेट कुंपणापलीकडे टोलवला. मँटिया धाव घेऊन आला. चेंडू मैदानातच पडला असं वाटून अॅरन मात्र अर्ध्यातून निघून गेला आणि पळत्या अॅडकॉकने त्याला ओलांडलं. त्यामुळे अॅडकॉक बाद ठरला, होमरनचा डबल झाला आणि लीगच्या अध्यक्षांनी अखेरचा निकाल १-० असा दिला.

बऱ्याच वर्षांनी ब्रेव्ह्जच्याच एका पिचरने सांगितलं, की त्या रात्री त्यांची माणसं दुर्बिणीतून पिट्सबर्गच्या कॅचरच्या खुणा पाहून फलंदाजांना कळवत होती. पुढचा चेंडू कुठला हे कळूनही बारा डाव कुणाला काही करता आलं नव्हतं.

एवढं होऊनही १९९१ साली मेजर लीगच्या समितीने व्याख्या पक्की केली: नऊ किंवा जास्त डावांचा सामना एकही हिट न देता संपला, तरच तो नो-हिटर. या नियमाने सुमारे ५० सामने यादीतून बाहेर गेले आणि हॅडिक्सचाही त्यांत होता. तीन वर्षांनी, १९९४मध्ये, तो वारला.

समितीचं मला चूक म्हणता येत नाही. व्याख्या कुठेतरी थांबवावीच लागते. २०१९च्या क्रिकेट विश्वचषकाची फायनल बरोबरीत सुटली, सुपर ओव्हरही बरोबरीत गेली आणि शेवटी चौकार-षटकार मोजून इंग्लंडला कप मिळाला. नियम आधीच लिहिलेला होता, तरी न्यूझीलंड हरलं असं म्हणताना आपली जीभ अडखळतेच ना?

हॅडिक्सबद्दल माझं तसंच होतं. यादीत त्याचं नाव नाही, हे मला मान्य आहे. पण धावफलकावर त्याच्या नावापुढे पराभव वाचताना माझं बोट दरवेळी पहिल्या डावापासून सरकत जातं आणि बाराव्यापर्यंत मी शून्यं मोजत राहतो.