‘कडैसी विवसायी’ : मेलेले मोर पुरले आणि म्हातारा शेतकरी तुरुंगात गेला

तमिळमध्ये शेतीला ‘विवसायम’ म्हणतात. हा शब्द आला संस्कृतमधल्या ‘व्यवसाय’वरून. मराठीत व्यवसाय म्हटलं की दुकान, धंदा, नोकरी आठवते, तिकडे मात्र शेती. म्हणून ‘कडैसी विवसायी’ या तमिळ सिनेमाच्या नावाचा अर्थ होतो, ‘शेवटचा शेतकरी’.

11 फेब्रुवारी 2022 रोजी प्रदर्शित झालेल्या या सिनेमाचं लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण आणि निर्मिती एम. मणिकंदन यांची आहे. ‘काक्का मुट्टै’ या गाजलेल्या सिनेमाचे दिग्दर्शक ते हेच.

नेमकी गोष्ट काय आहे?

मदुराई जिल्ह्यातल्या उसिलमपट्टी भागातलं एक गाव. गावातल्या जुन्या झाडावर वीज कोसळते. कित्येक वर्षं कुलदैवताची जत्रा झालेली नाही, म्हणून हा कोप, असं गावकऱ्यांना वाटतं. जत्रा करायचं ठरतं. पण देवाला गावातच पिकलेलं नवं भात लागतं आणि गावात शेती करणारा उरलाय एकच. ऐंशी पार केलेला, कानाने कमी ऐकू येणारा मायांडी.

बाकीच्यांनी जमिनी विकल्या किंवा शेती सोडली. योगी बाबूने साकारलेल्या पात्राने तर जमीन विकून चक्क हत्ती घेतलाय!

मायांडी देवासाठी भात लावतो. एक दिवस त्याला शेतात मेलेले मोर दिसतात. तो ते पुरून टाकतो. पोलीस मात्र मोर मारल्याचा गुन्हा त्याच्यावरच दाखल करतात.

मोरासाठी एवढी कडक शिक्षा का?

मोर 1963 पासून भारताचा राष्ट्रीय पक्षी आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत येतो, म्हणजे त्याला सर्वात कडक संरक्षण आहे. त्याची शिकार सिद्ध झाली तर 3 ते 7 वर्षांचा तुरुंगवास होऊ शकतो.

तमिळनाडूत मोराला आणखी एक मान आहे. तो मुरुगनचं, म्हणजे कार्तिकेयाचं वाहन. त्यामुळे देवासाठी भात पिकवणारा माणूस देवाचंच वाहन मारल्याच्या आरोपात अडकतो.

खरा पेच कुठे आहे?

म्हातारा निर्दोष आहे, हे महिला न्यायदंडाधिकाऱ्यांच्या लवकरच लक्षात येतं. पण गुन्हा नोंदवला गेलाय, कागदपत्रं पूर्ण झाल्याशिवाय त्याला सोडता येत नाही. मायांडीला या सगळ्याशी फारसं देणंघेणं नाही. त्याचा जीव अडकलाय कोवळ्या रोपांत. त्यांना पाणी कोण देणार? शेवटी पाणी द्यायला एका पोलीस शिपायाला शेतावर पाठवावं लागतं.

सिनेमा इथेच मनाला लागतो. कोर्टात पुढची तारीख मिळते, पिकाला तारीख देता येत नाही. कायदा आपल्या जागी बरोबर असला तरी त्याचा वेग आणि शेताचा वेग जुळत नाही आणि ती किंमत शेतकरी मोजतो.

नल्लांडी कोण होते?

मायांडीची भूमिका करणारे नल्लांडी व्यावसायिक अभिनेते नव्हते. ते खरोखरच शेतकरी होते. बाकीचे बरेच कलाकारही त्याच परिसरातले गावकरी आहेत. त्यामुळे नल्लांडींचं वाफ्यात उतरणं, रोप हातात धरणं अभिनय वाटतच नाही. ‘जवान’मुळे हिंदी प्रेक्षकांनाही माहीत असलेला विजय सेतुपती इथे रामय्या या मुरुगनभक्ताच्या छोट्या भूमिकेत आहे.

69 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ‘कडैसी विवसायी’ सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपट ठरला आणि नल्लांडींच्या कामाची विशेष दखल घेतली गेली. ते ऐकायला मात्र ते नव्हते. सिनेमा प्रदर्शित होण्याआधीच त्यांचं निधन झालं होतं.

मायांडीचं भात वाचतं का, जत्रा होते का? ते मात्र सिनेमातच पाहायला हवं.